हातभर जास्तीची केबल

ती. ताईंना,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे सध्या रजेवर आहेत, तेव्हा ते वजा करून उरलेला नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुमची पाठ कशी आहे? गादी बदललीत की अजून तीच, मध्ये खड्डा पडलेली? भाऊजींचा दात निघाला की अजून त्याच्याशी बोलणी चालू आहेत? लेकीची परीक्षा संपली असेल, तिच्या पाठीवरून माझ्या वतीने एक हात फिरवा. आम्ही इकडे बरे आहोत. तुमचे बंधुराजही बरे आहेत. त्यांचे डोक्यामागचे केस विरळ होत चाललेत, पण ते त्यांना अजून ठाऊक नाही, म्हणून तुम्हीही ठाऊक नसल्यासारखं करा.

पाकीट बघून दचकला असाल. दचकू नका, वाईट काही नाही. फोन हाताशी असताना ही बाई पत्र कसलं लिहीत बसली, असंही मनात आलं असेल. त्याचं असं आहे, की बाबांचा विषय निघाला की फोनवर आपण दोघी लगेच रडायला लागतो. मग तुम्ही मला गप्प करता, मी तुम्हाला गप्प करते, आणि सांगायचं ते राहून जातं. पत्रात निदान माझं रडणं तुम्हाला दिसत नाही, आणि अक्षर कुठे फुटलं तर चहा सांडला म्हणता येतं. (दुसऱ्या पानावर खरोखरच सांडलेला आहे. तिथे हळवं होऊ नका.)

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे आहेत आणि दर रविवारी तुम्ही विचारता, बाबा त्रास नाही ना देत? मी म्हणते, छे, अजिबात नाही. ते अगदी खरं आहे, आणि तेच मला आतून कुरतडत होतं. तुम्हाला तुमचे वडील माहीत आहेत. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात त्यांनी मला कपाटाचं दार कुठल्या हाताने ओढलं तर बिजागरी जास्त टिकते, हे कपाटासमोर उभं करून शिकवलं होतं. आईंशी तर त्यांचं रोज काही ना काही चालायचंच, खिडकी किती उघडी ठेवायची इथपासून बातम्यांचा आवाज किती ठेवायचा इथपर्यंत. ते बाबा आमच्याकडे आले आणि त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला, चालेल. चहा आता देऊ की नंतर? चालेल. खोलीला निळा रंग देऊ की पांढरा? चालेल. (म्हणजे कुठला, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. खोली तशीच आहे.) एकदा चुकून मी त्यांच्या ताटात तुमच्या भावाची उरलेली, कडेला कुरतडलेली पोळी वाढली, तीही त्यांनी काही न बोलता खाल्ली. त्या दिवशी मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आपल्या घरात एक माणूस हळूहळू पुसट होत चाललाय आणि आपण त्याला वेळेवर जेवायला घालतोय, एवढंच मला दिसत होतं.

आणि आम्हीही काय कमी? आम्ही त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपत होतो. ते काहीही म्हणाले की घरातून दोन्ही तोंडांनी होकार. तुमचे बंधुराज बुद्धिबळात मुद्दाम वजीर देऊन बसायचे. बाबा जिंकायचे, सोंगट्या डब्यात भरायचे, आणि खुर्चीत जाऊन बसायचे. तुम्हीसुद्धा रविवारी, रागावू नका, पण 'हो बाबा, बरोबर बाबा' यापलीकडे काय बोलता? मी आतल्या खोलीतून ऐकते म्हणून माहीत आहे.

आता केबलींकडे येते, कारण हे सगळं केबलींमुळे घडलं. तुम्हाला माहीतच आहे की मी खरेदी विभागात आहे आणि आमची कंपनी लोकांचा माल इकडून तिकडे पोचवते. आजवर मी खरेदी केलं ते म्हणजे दोरखंड, ताडपत्र्या, टायर, खुर्च्या, आणि एकदा साहेबांच्या हट्टापायी एक मत्स्यपेटी. यंदा कंपनीने स्वतःचं डेटा सेंटर उभारायचं ठरवलं. नाव मोठं असलं तरी ती एक बिनखिडक्यांची थंडगार खोली आहे, तिच्यात माणसाहून उंच लोखंडी कपाटं, आणि कपाटांत एकावर एक रचलेली यंत्रं. कुठला ट्रक कुठे आहे, कुणाचं खोकं कुठे अडकलंय, हे सगळं त्या यंत्रांच्या पोटात. ही यंत्रं आपापसांत अखंड बोलत असतात. त्यांचं बोलणं ज्याचं त्याला पोचवणारं एक मुख्य यंत्र असतं, त्याला स्विच म्हणतात. (आपल्या घराण्यात हे काम धाकट्या आत्या करायच्या, पण त्या पोचवताना थोडी भर घालायच्या. स्विच घालत नाही.) प्रत्येक यंत्रापासून स्विचपर्यंत एक केबल जाते. ती केबल निवडायची कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

खरं म्हणजे हे काम आमच्या नेटवर्कवाल्या बाईंचं. त्यांना ऑफिसात सगळे डॉक्टरीण म्हणतात, कारण त्या यंत्राला हात लावून, जरा कान देऊन, कुठे दुखतंय ते सांगतात. माझ्याहून लहान आहे ती, आणि बोलायला इतकी सरळ, की तिच्याशी दोन वाक्यं बोलून आल्यावर माणूस आरशात जाऊन आपलं काय काय वाकडं आहे ते बघतो. पण ऐन वेळी ती ऑफिसच्या पायऱ्यांवरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. मग घरी पलंगावर पडल्या पडल्या तिने मला फोनवरून शिकवायला घेतलं.

तिने सांगितलं त्यातलं मला समजलं ते असं. एक असते तांब्याची केबल. जाडजूड, आखूड, दोन्ही टोकांना डोकी कारखान्यातूनच कायमची बसवून आलेली. स्वस्त, तापत नाही, कुरकुर करत नाही, पण या वेगाला तीन मीटरच्या पलीकडे तिच्याच्याने होत नाही. दुसरी असते उजेडाची. तिच्यातून वीज नाही, प्रकाश धावतो. दोऱ्यासारखी बारीक, लांब पल्ल्याची, पण जरा जोरात मुडपली की रुसते. तिसरीही उजेडाचीच, पण तिची डोकी सुटी विकत घ्यायची, आणि ती डोकी भलती मानी. खरं तर मानी स्विचच. डोकं खोचलं की तो आधी विचारतो, तू कुठल्या कंपनीचा, आणि उत्तर पसंत पडलं नाही तर ओळखच दाखवत नाही. दिसायला सगळी डोकी एकसारखी असली तरी. (असे नातेवाईक आपल्या दोघींच्या ओळखीचे आहेत, नावं लिहीत नाही.)

मी विचारलं, तांब्याची थोडी लांब घेतली तर काय होईल? तर ती म्हणाली, हळू बोलायचं असेल तर लांबूनही चालतं, पण जितकं वेगाने बोलायचं तितकं जवळ असावं लागतं. ती तारांबद्दल बोलत होती, ताई. मी फोन ठेवला आणि समोरची कोटेशनं बाजूला सारली. तुम्ही तिकडे, आम्ही इकडे, आणि रविवारचा एक फोन. आपण हळू बोलणाऱ्यांपैकी आहोत, असं मनाशी म्हटलं आणि पुन्हा कामाला लागले.

केबली विकणारा जो माणूस यायचा त्याला मी मनातल्या मनात गोडबोल्या म्हणते. सुगंधी, इस्त्रीचा, आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा. मी म्हटलं, आखूड बऱ्या ना? तो म्हणाला, मॅडम, आखूड उत्तमच. जरा वेळाने म्हटलं, लांब घेतल्या तर? तो म्हणाला, लांब तर फारच दूरदृष्टीचं. मी गंमत म्हणून विचारलं, न घेतल्या तर? तर त्यातही त्याला शहाणपण दिसलं. तो गेला की मला हटकून दमल्यासारखं व्हायचं. भिंतीवर चेंडू मारावा आणि भिंतीने तो परतच करू नये, तसं. जाताना तो नमुन्यांचं एक खोकं ठेवून गेला, आणि रात्रीच्या जेवणाआधी जरा नजरेखालून घालू म्हणून ते मी घरी आणलं.

बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. मी खोकं उघडून केबली बाहेर काढल्या, आणि ताई, त्यांचा हात पुढे आला. आपणहून. त्यांनी तांब्याची केबल उचलली, बोटांत फिरवली, हलकेच वाकवून पाहिली, तिचं डोकं नाकाजवळ नेऊन त्याचा वास घेतला. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारांत गेलेला माणूस तो. म्हणाले, "किती अंतर आहे?" गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सगळं काम बाजूला ठेवलं आणि खोलीचा नकाशा त्यांच्यापुढे पसरला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि आमच्या घराचं डेटा सेंटर झालं. बाबांचं म्हणणं असं, की कागदावरचं अंतर म्हणजे अंतर नव्हे. तार कपाटातून वर चढते, छताजवळच्या ताटलीतून, म्हणजे तारांसाठी टांगलेल्या पत्र्याच्या पन्हळीतून, आडवी जाते, वळते, आणि मग खाली उतरते. हे अगदी बरोबर होतं, डॉक्टरीणही हेच म्हणाली होती. म्हणून फ्रिजला स्विच नेमण्यात आलं. बैठकीतलं कपाट, शिलाई मशीन आणि चपलांचं स्टँड ही यंत्रं. सुतळीचं बंडल आलं. तुमचे बंधुराज स्टुलावर उभे राहून दाराच्या चौकटीवर सुतळी धरून होते, तेवढ्यात त्यांच्या ऑफिसचा व्हिडिओ कॉल आला, आणि त्यांनी तो तसाच, वर एका हातात सुतळी धरून घेतला. (त्यांच्या साहेबांनी काही विचारलं नाही. मोठ्या हुद्द्यावर गेल्यावर माणसं बरंच काही विचारायचं सोडून देतात.) संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं तर वाकून, बैठकीत शिरायचं तर उडी मारून. पण बाबा पायजम्याचे पाय दुमडून इकडून तिकडे फिरत होते, आणि मी त्या सुतळ्यांखालून वाकत वाकत चहा नेत होते, आणि मला घर इतकं आवडलं नव्हतं कधी.

मग त्यांनी निकाल दिला. सगळीकडे माप येईल तेवढंच घे, पण शेवटच्या कपाटाला, "हातभर जास्त घे." एक्स्चेंजमध्ये तसाच नियम होता म्हणे. तार टोकाला तुटते, पुन्हा सोलावी लागते, हातभर वेटोळं गाठीशी असलं की माणूस अडत नाही. आता, या केबलींची डोकी कायमची बसवलेली, सोलायचा प्रश्नच नाही, हे मला कळत होतं. शेवटचं कपाट तीन मीटरच्या जेमतेम आत बसतंय आणि हातभर वाढवलं तर पुढच्या तयार मापाची, पाच मीटरची केबल घ्यावी लागेल, हेही कळत होतं. डॉक्टरिणीने नको म्हटलं होतं ते पाठ होतं. तरी मी शेवटच्या कपाटासाठी पाच मीटर लिहिलं. बाबा मान वर करून माझ्या लिहिण्याकडे बघत होते, आणि 'चालेल'च्या जागी त्यांच्या तोंडून चक्क एक मत बाहेर पडलं होतं. ते मत खोडणं माझ्या हाताने झालं नाही. गोडबोल्याने ऑर्डर बघितली आणि म्हणाला, पाच मीटर म्हणजे दूरदृष्टी.

खोली सुरू करायच्या दिवशी साहेबांची परवानगी काढून मी बाबांना बरोबर नेलं. दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, कारण आत कडाक्याची थंडी. त्या खोलीत पंख्यांचा आवाज एवढा, की साधं बोलायचं तरी ओरडावं लागतं. डॉक्टरीण प्लास्टरचा पाय पुढे काढून चाकाच्या खुर्चीत बसली होती आणि दुसऱ्या पायाने जमीन रेटत या कपाटावरून त्या कपाटावर जात होती. एकेक केबल खोचली जायची, टक् असा आवाज यायचा आणि बारका हिरवा दिवा लागायचा. बाबा प्रत्येक दिव्याला मान हलवत होते. शेवटच्या कपाटापाशी आलो. केबल खोचली. दिवा लागला, गेला, लागला, गेला. मग लागेचना.

डॉक्टरिणीने केबलीचं वेटोळं हातात घेतलं आणि ओरडून विचारलं, "ही लांबी कुणी ठरवली?"

मी म्हटलं, मी. ते ऐकून बाबा पुढे झाले. "हिने नाही. मी सांगितलं होतं."

तिला बिचारीला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. या माणसाशी हळू बोलायचं असतं, त्याला सांभाळायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती त्यांच्याकडे खुर्ची वळवून म्हणाली, "मग चुकलात काका तुम्ही."

मी मध्ये पडून म्हणायला लागले, की तसं अगदी चूकच असं नाही, बाबांच्या काळी, म्हणजे त्या वेळच्या पद्धतीने पाहिलं तर. बाबांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. "तू थांब गं जरा. कळू दे मला."

आणि मग ते भांडले, ताई. ते म्हणाले, तांब्यातून आम्ही गावंच्या गावं पार आवाज नेला, तुमचं यंत्र पाच मीटरला धापा टाकतंय. ती म्हणाली, तुमचा आवाज रमतगमत जायचा, आमचा पळत जातो, पळणाऱ्याला दम लागतो. ते म्हणाले, मग यंत्र कच्चं. ती म्हणाली, यंत्र ठणठणीत आहे, हिशोब कच्चा. ते म्हणाले, केबल जाड घ्या. ती म्हणाली, होतीच जाड, आणखी जाड घेतली तर कपाटाचं दार लागणार नाही आणि हवा कोंडेल. प्रत्येक मुद्द्याला ते खुर्चीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचे आणि ती खुर्ची फिरवून पुन्हा त्यांच्यासमोर यायची. एवढं ओरडून त्यांच्याशी कुणी कित्येक महिन्यांत बोललेलं नव्हतं. मी स्वेटरच्या बाह्यांत हात घालून उभी होते आणि वाट बघत होते, की आता ते 'चालेल' म्हणतील आणि सगळं संपेल. म्हणाले नाहीत. शेवटी डॉक्टरिणीने आपल्या पिशवीतून तीन मीटरची केबल काढली. (माझी ऑर्डर बघून तिने ती आधीच वेगळी मागवून ठेवली होती, मला न सांगता. मला दुखवायचं नव्हतं म्हणाली. तिलाही दुखवायचं नसतं कुणाला, हे मला नवीन होतं.) केबल ताटलीतून नीट सरळ बसवली, टक् आवाज आला, हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. बाबांनी केबल बोटाने जरा हलवून पाहिली, दिवा गेला नाही. मग म्हणाले, "बरं. इथे चुकलो." आणि पुढे झुकून, तुझं प्लास्टर कुणी घातलं ते विचारलं, कारण त्यांच्या मते तेही वाकडं होतं.

घरी येताना गाडीत मी काही बोलायला घाबरत होते. माझ्या डोक्यात एकच, आपणच त्यांना चारचौघांत पाडलं. अर्ध्या वाटेत, सिग्नलला थांबलो असताना, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्या सासूनंतर मला तोंडावर चुकलात म्हणणारी ही पहिली. तुम्ही सगळे नुसतं हो बाबा, हो बाबा. मला वाटायला लागलं होतं, तिच्याबरोबर मीही गेलोय आणि तुम्ही फोटोशी बोलताय."

मला समोरचं काही दिसेना. सिग्नल सुटला होता, मागून हॉर्न वाजत होते, आणि बाबा म्हणत होते, हिरवा झालाय, बसलीस कशाला, आणि गाडी दुसऱ्यात टाकलीयस, पहिल्यात टाक. मी पहिल्यात टाकली. दोन चौक मला गिअर कसा बदलायचा हे ऐकून घ्यावं लागलं, आणि मी म्हटलं, बाबा, मी वीस वर्षं गाडी चालवतेय. तर म्हणाले, वीस वर्षं चूक चालवतेयस.

त्या रात्री जेवताना ते म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. तुमच्या भावाचा हात सवयीने मिठाच्या डबीकडे गेला. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. ते हात मागे घेऊन म्हणाले, मला तर बरोबर लागतंय. बाबांनी चमचा खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवात केली. मी ताटं उचलून घासली, ओटा पुसला, दूध तापवलं, तरी मीठ चालूच होतं.

तेव्हापासून मी एकच विचार करतेय. आपण प्रेमाने वागत होतो, यात शंका नाही. पण बाबांपुरते आपण सगळे गोडबोल्या झालो होतो. भिंतीने चेंडू परत केला नाही तर खेळणाऱ्याला वाटतं, आपणच नाही आहोत. मायेने मऊ झालेलं माणूस समोरच्याला एकटं टाकतं, हे मला या वयात, केबल विकत घेताना कळलं. आई ते कसं न थकता रोज करत होत्या, कोण जाणे. मला वाटायचं त्या वैतागून बोलतात. आता वाटतं, त्या त्यांना रोज इथेच आहात ना, असं विचारून बघत होत्या.

असो. पत्र फार लांबलं, बाबा म्हणतील हातभर जास्तीचं. पाठीला शेक घ्या, वाकून बादल्या उचलू नका. भाऊजींना नमस्कार, लेकीला पापा. माझं मागणं असं काही नाही, फक्त खुशाली कळवावी म्हणून लिहिलं.

तुमची भावजय

ता. क. मागणं नाही म्हटलं ते खोटं आहे. या रविवारी बाबांशी भांडा. मी विषयही काढून देते. तुम्ही लहान असताना राहायचात त्या पहिल्या घरात नळ दाराच्या डावीकडे होता, असं ते परवापासून सांगतायत. तुम्ही उजवीकडे म्हणा आणि सोडू नका. खरं काय होतं ते मला माहीत नाही आणि त्याने काही फरकही पडत नाही.

ता. क. दोन. मध्येच रडू नका, आणि मुद्दाम हरू तर मुळीच नका, त्यांना कळतं. काल त्यांनी तुमच्या भावाला सांगितलं, की पुन्हा वजीर फुकट दिलास तर पट उचलून माळ्यावर टाकीन. वजीर देतात हे त्यांना पहिल्या डावापासून माहीत होतं.

ता. क. तीन. हे मी लिहितोय, तुझा बाप. पाकिटाला डिंक लाव म्हणून हिने माझ्याकडे दिलं होतं, उघडंच होतं, वाचलं. सुतळी नव्हती, नाडी होती. गाडीही दुसऱ्यात नव्हती, तिसऱ्यात होती. नळ डावीकडेच होता, तुझी आई शेवटपर्यंत उजवीकडे म्हणत राहिली आणि शेवटपर्यंत चुकली. तुला काय म्हणायचंय ते रविवारी म्हण. सकाळी लवकर कर फोन, म्हणजे वेळ पुरेल.